मदत हवी आहे: लेझरने टेक्श्चर केलेल्या सोलर सेलवर पुढच्या बाजूच्या (उजेडाकडच्या) कॉन्टॅक्टसाठी कोणता धातू?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मल्टिक्रिस्टलाइन सिलिकॉनवर सोलर सेल करतेय. या वेफरमध्ये प्रत्येक दाण्याची दिशा वेगळी, त्यामुळे अल्कलीने प्रकाश अडकवणारे पिरॅमिड सगळीकडे सारखे उठत नाहीत. म्हणून ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरने साधारण १० मायक्रॉन खोल खड्डे पाडते, जळका थर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काढते आणि मग फॉस्फरस डिफ्यूजन. वेफर पी-टाइप, वर फॉस्फरसचा एन-टाइप थर, दोन्हींमधलं जंक्शन ०.३५ मायक्रॉनच्या आसपास खोलीवर. कोरं सिलिकॉन ३० टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतं. माझे तुकडे नुसत्या डोळ्यांनाही काळेभोर दिसतात.

अडलंय ते कॉन्टॅक्टपाशी. शॅडो मास्कमधून ॲल्युमिनियम बाष्पीभवनाने चढवलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली खड्ड्याची एक भिंत चकचकीत दिसते, तर सावलीत राहिलेली समोरची भिंत कोरीच. एकाच फिंगरच्या (वीज गोळा करणाऱ्या धातूच्या बारीक रेघेच्या) दोन टोकांना मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या तर रीडिंग ठरतच नाही. ४५० अंशांना ॲनील केलं (तापवून ठेवलं) की कॉन्टॅक्ट सुधारतो, पण शंट रेझिस्टन्स कोसळतो (म्हणजे सेलच्या आतच करंट गळतो) आणि फिल फॅक्टर, म्हणजे सेलच्या दर्जाचा आकडा, आणखी खाली जातो. मला वाटतं, सिलिकॉन ॲल्युमिनियममध्ये विरघळतं आणि त्या जागी ॲल्युमिनियमचे सुळे जंक्शनच्या पार उतरतात.

चांदीच्या पेस्टसाठी ७५०–८०० अंशांची फायरिंग भट्टी लागते, ती आमच्याकडे नाही. टायटॅनियम-पॅलेडियम-चांदी घेऊ की निकेलवर तांब्याचं प्लेटिंग करू? वर्क फंक्शनच्या (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) तक्त्यात टायटॅनियम ४.३३ आणि निकेल ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर आहे. म्हणजे एन-टाइप थरासाठी निकेल बादच समजायचं का? सबमिशन तोंडावर आलंय, कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तक्त्यावरून ठरवू नका. पृष्ठभागावर फॉस्फरसचं प्रमाण दर घन सेंटिमीटरला १०¹⁹ अणूंच्या बरंच वर असेल, तर धातू आणि सिलिकॉनमधला अडथळा इतका पातळ होतो की इलेक्ट्रॉन टनेलिंगने पार जातात. तिथे निकेलही चांगला कॉन्टॅक्ट देतं. पण तापवल्यावर सिलिसाइड (निकेल-सिलिकॉनचं संयुग) होताना १ नॅनोमीटर निकेल सुमारे १.८ नॅनोमीटर सिलिकॉन खातं. १०० नॅनोमीटर निकेल पूर्ण मुरलं तर तुमचं निम्मं जंक्शन गेलं. शिवाय निकेलचा थर कुठे सलग नसेल तर तांबं सिलिकॉनमध्ये फार वेगाने पसरतं, आणि तुमच्या खड्ड्यांत तो सलग राहणं कठीण.

मी टायटॅनियम-पॅलेडियम-चांदीच घेईन. अंतराळातल्या सेलवर हे थर बरीच वर्षं वापरात आहेत. पॅलेडियम महाग म्हणून गाळू नका. ते मध्ये नसेल तर दमट हवेत टायटॅनियम आणि चांदीचा जोड गंजतो, आणि आपल्याकडे पावसाळा आहे.

मात्र सावलीची अडचण या धातूंनाही येणार. तेव्हा फिंगर आणि बसबारखाली (फिंगर जोडणाऱ्या जाड पट्टीखाली) खड्डे पाडूच नका. लेझरची फाइल तुमच्याच हातात आहे, तेवढ्या पट्ट्या सपाट सोडा. धातूखाली प्रकाश पोचतच नाही, त्यामुळे तिथल्या टेक्श्चरचा उपयोग शून्य. पट्टी फिंगरपेक्षा थोडी रुंद ठेवा आणि मास्क जुळवायला त्याच लेझरने कोपऱ्यांत अधिक चिन्हाच्या (+) खुणा काढा. एकाच वेफरवर सपाट आणि टेक्श्चर अशा दोन्ही भागांत टीएलएमचे (कॉन्टॅक्टचा रोध मोजायच्या पद्धतीचे) पॅडही टाका, म्हणजे दोष धातूचा की पृष्ठभागाचा ते आकड्यांत दिसेल.

ई-बीमची (इलेक्ट्रॉनच्या झोताने धातू बाष्पीभवन करायची) सोय नसेल तर सरांना आयआयटी मुंबईच्या आयएनयूपी योजनेबद्दल विचारा. तिथे बाहेरच्या संशोधकांनाही प्रस्ताव देऊन काम करता येतं.

धागाकर्ती

मनापासून आभार! फाइल आजच बदलते. आमचा मास्क हाताने जुळवावा लागतो, तर १०० मायक्रॉनच्या फिंगरला दोन्ही बाजूंनी किती जागा सोडू?