‘आई खिन्न, तर मूल जन्मभर चिडकं’: बाळंतिणींना असं घाबरवू नका

उत्तरेश्वर पेठेतली आई
काल बाळंतिणींच्या ग्रुपवर एका काकूंनी लिहिलं, ‘बाळंतपणात आई खिन्न राहिली की मूल जन्मभर चिडकं होतं, म्हणून आईनं हसतं राहावं.’ रात्री दोनला बाळाला पाजताना वाचलं आणि उरलीसुरली झोपही गेली. थोरल्याच्या वेळी मी यातून गेलेय. तो रडायचा आणि मला तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटायचा. त्या दिवसांत हे वाचलं असतं तर मी कुणाला तोंडच दाखवलं नसतं.

परिणाम होतो, नाकारत नाही. मानसशास्त्रज्ञ ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग आहे. आईनं काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवला की तान्हं बाळ आधी हसून, हात नाचवून तिला बोलावतं, मग तोंड फिरवतं, रडतं. पण आई परत बोलू लागली की बाळही हळूहळू परत येतं, हे अर्धं कुणी का सांगत नाही? महिनोन्‌महिने उपचार नाहीत आणि घरात बाळाशी बोलणारं दुसरं माणूसही नाही, खरा घोर तिथं आहे.

जुना बावडेकर
आमच्या आईची सहा बाळंतपणं झाली. असलं काय ऐकलं न्हाई बगा. सव्वा महिना बाज, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू. आता पोरींना धुरी नको, अंगाला तेल नको, हातात मोबाईल. मग मन बिघडणारच.

आशाताई, करवीर
काका, तेव्हाही होतं. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋष्याकडं नेत होते. बंद खोलीत शेगडी ठेवली की बाळ-बाळंतीण दोघं गुदमरतात, ते वेगळंच. आम्ही आशा सेविका बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जातो. बाळाचं वजन, ताप, नाळ बघतो. आई मान खाली घालून बसलेली असते आणि सासू सांगते, ‘तिला काय झालंय, बरी हाय की.’

उत्तरेश्वर पेठेतली आई
@बावडेकर, शेजारच्या गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी केलेला अभ्यास २००२ साली छापून आला. सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींत शंभरातल्या २३ जणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही कारणं त्यात पुढं आली. मोबाईल नव्हे.

तेच मूल, आता ३४ वर्षांचं
ताई, तुम्ही आयांना धीर देताय, द्या. पण मी ते मूल आहे. माझी आई तीन वर्षं भिंतीकडं तोंड करून झोपायची. भांड्यांच्या आवाजावरून आज जवळ जायचं की नाही, ते मी ओळखायचो. आजही बायको तासभर गप्प बसली की माझ्या पोटात गोळा येतो. ‘बाळ परत येतं’ हे इतक्या सहज लिहू नका. आणि बाप कुठं होता? शिरोलीत रात्रपाळीला. आम्ही आठ महिने माहेरी, तो रविवारी पाहुण्यासारखा यायचा.

नवा बाप, राजारामपुरी
हेच! पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाजच मोडला पाहिजे. माझी मुलगी गारगोटीला. चार महिन्यांत मी तिला दहा-बारा वेळा घेतली असेल. जवळ गेलो की रडते.

दोन लेकींचा बाप
आणि खर्च? दवाखाना आमचा, बारसं आमचं, पाळणा आणि वाळे आमचे. वर व्याह्यांचा मान. बाप म्हणून प्रेम उतू जातंय तर बिल भरा की!

नवा बाप, राजारामपुरी
बिल मीच भरलंय. माहीत नसताना बोलू नका.

एक वहिनी, इचलकरंजी
नणंदेचं बाळंतपण मी काढलं, माझं दूधपितं पोर बाजूला ठेवून. तिची विचारपूस सगळ्यांनी केली. मी रोज मोरीत बसून रडत होते, ते मला कुणी विचारलं नाही.

उत्तरेश्वर पेठेतली आई
वहिनी, तुमचं वाचून थांबलेच.
@नवा बाप, रिवाज मोडा म्हणणं सोपं आहे. मला माहेरी निदान चार तास सलग झोप मिळाली. माहेर हवंच, पण तुम्ही तिथं जाऊन राहा. लाज कसली?
@तेच मूल, तुमच्या आईला कुणी डॉक्टरकडं नेलं होतं का?

तेच मूल, आता ३४ वर्षांचं
नाही. ‘दाखल केलं तर पोर काढून घेतील’ म्हणून आजीनं नेलं नाही.

आशाताई, करवीर
ही भीती अजून आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणं आई दाखल झाली तरी तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करत नाहीत. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला एडिनबराची १० प्रश्नांची यादी आहे, दहा मिनिटांत होते. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (टेली-मानस) फोन केला तर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात रडू येतं ते बहुतेकींचं ओसरतं. दोन आठवडे उलटले तर वाट बघू नका.

उत्तरेश्वर पेठेतली आई
मी गोळ्या घेतल्या, डॉक्टरांना विचारूनच, आणि अंगावर पाजतही होते. थोरला आता पाच वर्षांचा आहे. रंकाळ्यावर मला हात धरून पळवतो.

तेच मूल, आता ३४ वर्षांचं
तुमच्यावर उपचार झाले, माझ्या आईवर झाले नाहीत. फरक तिथं असेल, एवढं मान्य. बाकीचं नाही.

जुना बावडेकर
शेगडीचं माझं मत तेच. पण आमची सून कागलला माहेरी हाय, दीड महिना झाला. फोनवर ‘हं, हं’ एवढंच म्हणते. आम्ही म्हटलं लाजत असंल. पोराला आज रात्रीच लावून देतो. ते दहा प्रश्न कुठं मिळतील, ताई?