ब्रॅम्प्टन सोडून बर्फाच्या डोंगराजवळ जायचंय, पण काम आणि घर दोन्ही जमलं पाहिजे. कुठलं गाव धरू?

केळीचा_घड

राम राम मंडळी. सुट्टीवर यावल तालुक्यात घरी आलोय, धाकट्या भावाचं लग्न होतं. बाहेर ४५ डिग्री, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि मी कूलरसमोर बसून कॅनडातल्या बर्फाच्या डोंगरांचे नकाशे बघून राहिलोय. आई म्हणते याचं डोकं तापलं.

तर विषय असा. ६ वर्षं झाली ब्रॅम्प्टनला (टोरंटोजवळ, ऑन्टारियो प्रांत) आहे, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी आहे, ट्रक मेकॅनिक, ३१०टी म्हणजे ऑन्टारियोचं ट्रक दुरुस्तीचं लायसन्स, रेड सील म्हणजे सगळ्या कॅनडात चालणारं सर्टिफिकेट पण काढलेलं. लग्नानंतर गुलमर्गला गेलो होतो तेव्हा फोटोपुरता स्नोमोबाइलवर बसलो आणि तो किडा काही डोक्यातून गेला नाही. तीन वर्षांपूर्वी जुनी स्लेड (स्नोमोबाइलच) घेतली, हॅलिबर्टनकडे जाऊन चालवतो, पण ऑन्टारियोत सगळं रोलर फिरवलेल्या सपाट ट्रेलवर, रस्त्यावर मोटरसायकल चालवल्यासारखं. मला डोंगरातलं पाहिजे, कंबरभर भुसभुशीत बर्फातलं. त्यात बेसमेंटच्या मालकाने ट्रेलर दारात लावू नको म्हणून सांगितलं, आता त्याचं पार्किंगभाडं वेगळं भरतो.

वडिलांना व्हिडिओ दाखवला, पूर्ण बघितला त्यांनी, मग म्हणे याच्यामागे वखर जोडता येतो का.

अटी तीनच. डोंगर जवळ पाहिजे, मला काम पाहिजे, आणि दोन पगारात हप्ता निघेल असं घर पाहिजे. सगळे बीसीतल्या (ब्रिटिश कोलंबिया प्रांत) रेव्हलस्टोकचं नाव घेतात, तिथले घरांचे भाव बघून घेरी आली. फर्नी पण तसंच. कोणी त्या बाजूला राहतं का? खरं खरं सांगा, टूरिस्टवालं नको.

धुळ्याचा_धुरळा

आठे आम्हले कूलर पुरत नही आन तुले बरफ जोयजे! दोन गोण्या भरीसन धाडी दे भो.

अमळनेर_टू_कॅल्गरी

भाऊ मी ११ वर्षं कॅल्गरीत आहे, स्लेड ७ वर्षांपासून. माझं मत सरळ आहे, कॅल्गरीला ये. ट्रक मेकॅनिकला काम शोधावं लागत नाही, काम तुला शोधत येईल, अल्बर्टात प्रांताचा सेल्स टॅक्स नाही, फक्त ५ टक्के जीएसटी, म्हणजे २० हजार डॉलरच्या वरची नवी स्लेड घेताना बीसीवाल्यापेक्षा बरेच पैसे वाचतात. कॅल्गरीहून बीसीतलं गोल्डन २६० किमी, रेव्हलस्टोक ४१० च्या आसपास. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी परत.

आता खरं खरं सांगा म्हणालास म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. ते अंतर कागदावर आहे. गोल्डन आणि रेव्हलस्टोकच्या मधे रॉजर्स पास लागतो, तिथे हिमस्खलन होऊ नये म्हणून कॅनडाची आर्मी तोफा लावून डोंगरावर गोळे मारते आणि बर्फ आधीच खाली पाडते, खरंच सांगतोय, हॉवित्झर तोफा, तेवढा वेळ हायवे बंद. कधी दोन तास, कधी जास्त. मागच्या जानेवारीत आम्ही चौघं गाडीत ५ तास बसलो, डब्यात बायकोने दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा होता म्हणून जीव वाचला, पुढच्या गाडीतल्या गोऱ्याला अर्धी दिली तर ठेच्याने त्याचे कान लाल. आणि गंमत म्हणजे ज्या दिवशी ताजा बर्फ सगळ्यात भारी असतो त्याच दिवशी रस्ता बंद असतो. म्हणजे मजा तिथे राहणाऱ्यालाच. सीझनमधे १०-१२ दिवस मिळतात मला, बाकी पेट्रोल आणि मोटेल.

पांझराकाठची

नमस्कार भाऊ. मी मूळ धुळ्याची, आम्ही बीसीत सॅमन आर्मला राहतो, हे स्लेड चालवतात आणि मी हॉस्पिटलमधे नर्स आहे. तुमची पोस्ट ह्यांनी वाचून दाखवली आणि मी म्हटलं ह्याने डोंगर लिहिला, काम लिहिलं, घर लिहिलं, बायको काय करते ते लिहिलंच नाही! दोन पगार म्हणताय ना मग दुसरा पगार कुठला? ते आधी सांगा, मग गाव सांगते.

केळीचा_घड

ताई चुकलं. तिचं जळगावला बी.एस्सी. नर्सिंग झालंय, सिव्हिलला ३ वर्षं काम केलंय. इथे ब्रॅम्प्टनला वृद्धाश्रमात पीएसडब्ल्यू (म्हाताऱ्यांची देखभाल करणारी) म्हणून आहे, नर्सच्या रजिस्ट्रेशनची फाइल अर्धवट पडलीय, शिफ्टमुळे अभ्यास होत नाही. ती बाजूलाच बसलीय आणि तुमचं वाचून हसतेय.

पांझराकाठची

मग तुमचा प्रश्नच उलटा आहे. तुम्ही डोंगर शोधून त्याच्या पायथ्याशी घर बघताय. आधी तिचं हॉस्पिटल बघा. ट्रक मेकॅनिकला हायवेवर कुठेही काम आहे, त्या रस्त्याने दिवसरात्र ट्रक जातात, पण नर्सचं रजिस्ट्रेशन प्रत्येक प्रांताचं वेगळं असतं, म्हणून ऑन्टारियोत पूर्ण करण्याआधीच ठरवा. बीसीत परदेशी नर्ससाठी प्रक्रिया आता आधीपेक्षा बरीच सोपी केलीय, आणि तोपर्यंत तिचं पीएसडब्ल्यूचं काम चालतं, फक्त इकडे त्याला हेल्थ केअर असिस्टंट म्हणतात आणि त्याचं वेगळं रजिस्टर आहे, त्यात नाव घालावं लागतं. लहान गावात नर्सची कायम ओरड असते. मोठ्या हॉस्पिटलसाठी कॅमलूप्स, तिथे रॉयल इनलँड आहे, विद्यापीठ पण आहे, आपली माणसं पण भेटतात.

गाव सांगायचं तर सॅमन आर्म किंवा कॅमलूप्स धरा, रेव्हलस्टोक नाही. रेव्हलस्टोकला २००७ ला मोठं स्की रिसॉर्ट सुरू झालं आणि बाहेरच्या लोकांनी दुसरं घर म्हणून घेऊन ठेवली, हिवाळ्यात तिथे भाड्याची खोली मिळणं म्हणजे श्रावणात लग्नाचा मुहूर्त मिळण्यासारखं. आमच्याकडून सिकमूस अर्धा तास, तिथे आउलहेड, ईगल पास, क्वीस्ट असे तीन-चार स्लेडचे डोंगर, आणि रेव्हलस्टोक साधारण १०५ किमी, आणि मधे रॉजर्स पास लागत नाही! तो रेव्हलस्टोकच्या पलीकडे. अमळनेरचे दादा तिथे तोफा मोजत बसतात तोपर्यंत आमचे हे रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवरून फिरून घरी चहाला.

पण आता बाईच्या नजरेने सांगते. हिवाळ्यात दरीत ढग असा बसतो की दहा-दहा दिवस ऊन नाही, वर डोंगरावर स्लेडवाल्यांना स्वच्छ ऊन आणि खाली आम्ही राखाडी उजेडात. सकाळी ७ ची ड्युटी असली की ६ ला उठून गाडी उकरायची, रात्रीतून गुडघाभर पडलेला असतो, आणि नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करताना सगळा दगडासारखा बर्फ आपल्याच दारात लोटून जातो. पहिल्या वर्षी मी रडले होते. उन्हाळ्यात वणव्याचा धूर. ऑगस्ट २०२३ ला शुस्वाप तळ्याच्या उत्तरेला घरंच्या घरं जळाली. घर बघताना इन्शुरन्सवाल्याला आधी फोन, मग ऑफर.

धुळ्याचा_धुरळा

ताई वणवा? म्हणजे तिथं पण उन्हाळा असतो?

पांझराकाठची

कॅमलूप्सच्या पुढे लिटन नावाचं गाव आहे. २९ जून २०२१ ला तिथे ४९.६ डिग्री झालं, कॅनडाचा रेकॉर्ड, आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव जळालं. त्या आठवड्यात आमच्याकडे एसी नव्हता, मी ओली चादर खिडकीला टांगली, धुळ्यात आजी लावायची तशी.

शहाद्याचा_आयटीवाला

मी लीहायला आहे, युटा. इकडे स्लेडला लोगन कॅन्यन आणि युइन्टा भारी आहे, बर्फ कोरडा, आयटीची कामं भरपूर. पण भाऊ तुला पीआर आहे ना? मग इकडचा विचार पण करू नको. मी एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डची रांग कधी संपेल माहीत नाही, नोकरी गेली की ६० दिवसात दुसरी शोध नाहीतर स्लेड विकून शहाद्याला पपई लाव. घरं पण स्वस्त राहिली नाहीत. बस एवढंच.

चोपडा_ते_कोळसा

भो, तू ३१०टी आहेस आणि कोणी अजून खाणीचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मी स्पारवूडला आहे, एल्क व्हॅलीत, फर्नीहून अर्धा तास. इथे स्टीलला लागणारा कोळसा निघतो, खाणी आधी टेकच्या होत्या, २०२४ पासून ग्लेनकोरकडे. १२ तासांची शिफ्ट, चार दिवस काम चार दिवस सुट्टी, म्हणजे तुझी सुट्टी मधल्या वारी येते आणि डोंगर रिकामा असतो. शनिवारी कॅल्गरीवाल्यांची जत्रा भरते तेव्हा आपण कामावर. ज्या डंपरवर मी काम करतो त्याचं टायर माझ्या दुप्पट उंच आहे. गावात टायटन नावाचा हिरवा ट्रक हायवेच्या कडेला उभा करून ठेवलाय, १९७३ चा, ३५० टनी, त्या जातीचा एकच बनला. गावाकडचे पाहुणे आले की पहिला फोटो तिथे.

एक गोष्ट लक्षात ठेव, तुझं रेड सील ट्रक अँड ट्रान्सपोर्टचं आहे, खाणवाले हेवी ड्यूटी इक्विपमेंटचं मागतात. ट्रकवाल्यांना घेतात, मला पण तसंच घेतलं, पण आधी काँट्रॅक्टरकडे एक-दीड वर्ष काढावं लागलं. दुसरं सील नंतर करून घे. घर फर्नीपेक्षा स्पारवूडला स्वस्त, एल्कफर्डला अजून, आणि सीमेपलीकडे अल्बर्टात क्रोजनेस्ट पासला पण लोक राहतात, टॅक्स वाचतो. कॅमलूप्सची बाजू आवडली तर लोगन लेक बघ, तांब्याची मोठी खाण आहे हायलँड व्हॅली, गाव छोटं, घरं आटोक्यातली, तिथून कॅमलूप्सचं हॉस्पिटल पाऊण तासाच्या आत.

आता जे कोणी लिहिलं नाही ते लिहितो. आमच्या गावातले ११ जण २८ डिसेंबर २००८ ला स्लेड घेऊन गेले होते. पहिलं हिमस्खलन आलं, काही गाडले गेले. बाकीचे उकरायला धावले. ते उकरत असतानाच दुसरं आलं आणि सगळे गाडले गेले. ८ गेले, ३ वाचले. मी तेव्हा इथे नव्हतो पण अजून गावात त्या घरांसमोरून जाताना लोक हळू बोलतात. या रॉकीजच्या बाजूला बर्फाचा थर पातळ असतो, थंडीने खालचा थर साखरेसारखा सुटा होतो आणि वरचा जड थर त्याच्यावर घसरायला टपलेला असतो. रेव्हलस्टोककडे बर्फ खोल असतो, थर जरा बरा बसतो, पण धोका तिथेही संपत नाही, मार्च २०१० ला बोल्डरवर कार्यक्रम बघायला जमलेल्या गर्दीवर आलं होतं, दोन जण गेले. तेव्हा स्लेडच्या आधी ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस सिग्नलने शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, आणि हिमस्खलनापासून वाचायचा दोन दिवसाचा एएसटी-१ कोर्स. फावडं बॅगेत पाहिजे, स्लेडला बांधलेलं नको, कारण स्लेड पण गाडली जाते. माणूस १० मिनिटांत बाहेर निघाला तर चान्स चांगला, त्यानंतर भराभर कमी होतो, म्हणजे हेलिकॉप्टर येणार नाही, तुझ्यासोबतचाच माणूस तुला काढणार. एकटा कधी जायचं नाही. मी बायकोला शब्द दिलाय की हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या ॲव्हलांच कॅनडाच्या साइटवर ‘हाय’ म्हणजे धोका जास्त दिसलं की घरी.

केळीचा_घड

हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. बायकोनेही वाचलं. कोर्स दोघांनी करायचा म्हणतेय.

भाऊ ऑन्टारियोतली स्लेड तिकडे चालेल का? १३७ इंची ट्रॅक (खालचा पट्टा) आहे.

पांझराकाठची

ह्यांचं उत्तर टाइप करते: तिकडेच विका. १३७ आमच्या बर्फात पाच मिनिटांत बुडते, मग अडीचशे किलोचं धूड उकरत बसायचं. इथे १५४ किंवा १६५, पट्ट्याचे दात अडीच-तीन इंच. उंचीवर इंजिनची ताकद पण कमी होते, दर हजार फुटाला साधारण ३ टक्के, म्हणून लोक ८५० सीसीच्या खाली येत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात विकत घेऊ नका, मार्च-एप्रिलमधे सीझन संपताना जुनी घ्या. आणि घेताना पट्ट्याखाली टॉर्च मारून टनेल (पट्ट्यावरचा पत्र्याचा सांगाडा) वाकलाय का बघा. आम्हाला एकाने धुऊन पुसून चकाचक करून विकली, घरी आणल्यावर कळलं की झाडावर आदळून परत सरळ केलेली, ९०० डॉलर गेले.

अमळनेर_टू_कॅल्गरी

ताईंनी माझ्या ११ वर्षांचा कचरा केला पण बरोबर आहे. बायकोला दाखवलं, ती पण सॅमन आर्मची घरं बघतेय आता.

केळीचा_घड

ठरलं असं. नर्सिंगची फाइल ऑन्टारियोऐवजी बीसीला लावतोय, कागद जळगावच्या कॉलेजातूनच पाहिजेत, तर इथे आहोत तोवर सोमवारीच जातो, ट्रान्सक्रिप्टचा शिक्का, सही, सीलबंद पाकीट, तिथला क्लार्क जेवायला जायच्या आत पोहोचलं पाहिजे. सप्टेंबरमधे कॅमलूप्स आणि सॅमन आर्मला आठवडाभर जाऊन येतो, ट्रक दुरुस्तीच्या दुकानांमधे प्रत्यक्ष भेटतो, आणि घर पहिलं वर्ष भाड्यानेच. ताई, तेव्हा भेटू का? येताना काय आणू?

पांझराकाठची

या ना, घरीच उतरा. भरीताच्या वांग्याचं बी आणा, ते हिरवं लांबट, आसोद्याकडचं. मागच्या वर्षी जूनमधे कुंडीत लावलं होतं, दोन आली, हाताच्या पंजाएवढी. आणि कळण्याचं पीठ, दोन किलो, सीलबंद पाकिटात, बी असेल तर एअरपोर्टवर डिक्लेअर करायचं, लपवायचं नाही.