व्हीलचेअरच्या जागा म्हणे ‘अडवून’ ठेवल्यात!

चाकांवरची: काल एकाने लिहिलं, ‘हाउसफुल्लचा बोर्ड लागतो आणि व्हीलचेअरच्या जागा रिकाम्याच. विकून टाका सगळ्यांना.’ टाळकंच सटकलं. अहो, त्या रिकाम्या दिसतात कारण आम्हाला घेताच येत नाहीत! तुम्ही खुर्चीवर बोट ठेवलं की तिकीट. आम्ही फोन करायचा, ताटकळायचं, ‘कळवतो मॅडम’ ऐकायचं. मागच्या खेपेला कळवलं तेव्हा प्रयोग होऊन दोन दिवस झाले होते. अमेरिकेच्या अपंगांविषयीच्या २०१० च्या नियमांत साफ लिहिलंय: बाकीची तिकिटं ज्या वेळी, ज्या मार्गाने विकता, तशीच हीही विका.

खिडकीतला: बारा वर्षं तिकीटखिडकीवर बसलोय, म्हणून सांगतो. ऑनलाइन खुल्या केल्या की धडधाकट मंडळी पाय पसरायला त्याच घेतात. मग गरजू माणूस आला की गचांडी आमची. दाखला मागा, विषय संपला.

चाकांवरची: बाल्कनीचं तिकीट देताना गुडघ्यांचा एक्स-रे मागता का? अमेरिकेत अपंगत्वाचा पुरावा मागायला मनाई आहे. लबाडीचा सबळ संशय असेल तर चौकशी करता येते.

धाकटीची आई: आम्हाला थोरल्याच्या व्हीलचेअरसोबत एकच तिकीट दिलं. मी थोरल्याजवळ, धाकटी बाबांबरोबर सहा रांगा मागे, रडत. त्याच नियमांत लगतच्या तीन जागांपर्यंत सोय आहे ना?

तिसरी घंटा: अवांतर: जागा मिळून तरी काय? कॉन्सर्टला पुढचे उठले की माझ्या बाबांना दोन तास नुसत्या पाठी.

रांग क: म्हणजे आता नाचायचंही नाही? पैसे आम्हीही मोजतो.

तिसरी घंटा: नाचा की! व्हीलचेअरच्या जागांचा चौथरा उंच बांधा म्हणतेय. प्रेक्षक उभे राहणार असतील तिथे उभ्यांच्या पलीकडचं दिसलं पाहिजे, हे अमेरिकेच्या बांधकाम मानकांत आहे.

रांग क: चौथरा आला की मागच्यांना दिसणार नाही. बसूनच ऐकायचं तर घरी ऐका.

तिसरी घंटा: शब्द मागे घ्या. बाबा उभे राहू शकत असते तर तुमच्या आधी उठले असते.

रांग क: बरं, ते ‘घरी’ मागे. चौथरा कडेला बांधा, मधे नको.

धाकटीची आई: वा, कडेला! तिथून अर्धा रंगमंच दिसतो. मेहेरबानी.

खिडकीतला: चौथरा राहू द्या. ताई, बाकीची सगळी तिकिटं संपली की उरलेल्या या जागा इतरांना विकायची मुभा तुमच्या लाडक्या नियमांतच आहे. ते सोयीस्कर गाळलंत.

चाकांवरची: आहे मुभा, मान्य. आधी आमच्यासाठी विक्रीला तर काढा! आणि तुमच्याकडे फोन कोण उचलतं तेवढं सांगा, उद्या सकाळीच लावते.