आईबरोबर पावसात मोठ्या उद्यानात ५ किलोमीटर : काय बघून ठेवावे?

रानवाट :
ऐन वसंतात आईला घेऊन एका मोठ्या वनस्पती उद्यानात चालायला जायचे आहे. चढउतार आहेत, अंतर साधारण ५ किलोमीटर. आई ७२ वर्षांची, रोज चालणारी. पण उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) आहे. दिवस बदलता येणार नाही. अंदाज दिवसभर रिमझिम आणि १० अंशांचा आहे. "पाऊस आहे तर जाऊच नका" एवढे सोडून काहीही सांगा. काठी एक की दोन? छत्री की रेनकोट? वेळ किती धरावा?

चढउतार :
वेळ : ओली वाट, फुलांपाशी रेंगाळणे आणि चढ धरून तासाला २ किलोमीटर. म्हणजे अडीच तास, बसणे वेगळे.

एकच मोठी फेरी नको. नकाशावर इंग्रजी आठच्या आकाराच्या दोन छोट्या फेऱ्या आखा आणि मधला बिंदू स्वच्छतागृह किंवा काचघरापाशी ठेवा. पहिल्या फेरीनंतर पाय दमले तर तिथेच थांबता येते. मोठ्या फेरीत अर्ध्यावर दमलात तर पुढे काय आणि मागे काय, अंतर तेवढेच.

दिशाही नीट ठरवा. तीव्र टप्पा चढायला आणि लांब, सौम्य वाट उतरायला यावी. चढावर दम लागला तर थांबता येते, पण उतारावर प्रत्येक पावलाचा भार गुडघ्यावरच येतो, आणि घसरणेही बहुतेक उतरतानाच होते.

काठी : उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. बरेच जण उलट धरतात. उंची बूट घालून मोजा : हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतो. टोकाचे रबरी बूच उलटून पाहा. त्यावरची वलये झिजून गुळगुळीत झाली असतील तर बदला, नाहीतर ओल्या फरशीवर तीच काठी पाडेल. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. दोन काठ्या खडीच्या उतारावर छान, पण कठडा असलेल्या पायऱ्यांवर एक काठी आणि एक हात कठड्याला.

घसरण कुठे होते तर लाकडी पूल (सावलीतल्या फळ्यांवर शेवाळाचा न दिसणारा थर असतो), गटारांच्या लोखंडी जाळ्या, गुळगुळीत दगडी पायऱ्या आणि गवताचा उतार. वसंतात आणखी एक भर : दगडावर गळालेल्या पाकळ्या. पायाखाली चिरडल्या की त्यांचा बुळबुळीत लगदा होतो. खडीची वाट मिळाली तर लांबची असली तरी तीच घ्या.

मेणकापड :
वरच्याशी सहमत, फक्त आधार द्यायच्या पद्धतीची भर. आईंचे मनगट किंवा दंड तुम्ही धरू नका. त्या घसरल्या तर खांद्याला हिसका बसतो. त्यांना तुमच्या कोपराला धरू द्या, आणि उतारावर तुम्ही अर्धे पाऊल पुढे, खालच्या बाजूला राहा.

छत्री : वारा नसेल तर डोक्यावर सगळ्यात सुखाची. पण एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री म्हणजे कठडा धरायला हातच उरत नाही. म्हणून त्यांना रेनकोट. दोघांत एक छत्री हा प्रकार तर विसराच. दोघांचा एकेक खांदा भिजतो आणि पावले एकमेकांत अडकतात. पोंचोही (डोक्यातून घालायचा सैल, घेरदार रेनकोट) नको, उतरताना त्याच्या घेरामुळे स्वतःचे पाय आणि पुढची पायरी दिसत नाही.

रेनकोटचे टोपडे चेहऱ्यावर ओढले की बाजूचे दिसत नाही. आत पुढे चोच असलेली टोपी घाला, म्हणजे टोपडे मागे राहते आणि चष्म्यावर थेंब कमी येतात. पावसाळी पँट बुटाच्या बाहेरून सोडा. आत खोचली तर वॉटरप्रूफ बुटातही वरून पाणी शिरते आणि आतच साचते.

ऊबदार :
चष्मा : प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग जवळच्या वाचनासाठी असतो. त्यामुळे खाली पाहिले की पायरीची कड धूसर दिसते. फक्त लांबचा नंबर असलेला जुना चष्मा असेल आणि नंबर जुळत असेल तर तो लावा. नसेल तर मान झुकवून वरच्या भागातून पायरी बघायची.

थंडी : सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, भिजल्यावर अंगाची ऊब ओढून घेतात. लोकर किंवा पॉलिस्टर बरे. उतारवयात गारठा उशिरा जाणवतो, तेव्हा "थंडी वाजतेय का?" विचारत बसू नका. थांबलात की स्वेटर चढवायचा, निघताना काढायचा. एक जाड स्वेटर आणि मोज्यांचा जोड प्लास्टिक पिशवीत. बाक ओले असणार, म्हणून फोमचा एक तुकडा न्या. हात टेकायला दांड्या असलेले बाक निवडा, त्यावरून उठणे सोपे.

काचघरात शिरताना जॅकेट-स्वेटर दारातच काढा. आत घाम आला की बाहेर पडल्यावर तोच गार पडतो.

कळीखुडी :
फुलांचे थोडे. गार, ढगाळ हवेत ट्युलिप आणि क्रोकस मिटतात. त्यांचा ताटवा ऊन डोकावेपर्यंत मागे ठेवा. मॅग्नोलियाच्या भिजलेल्या पाकळ्या लवकर तपकिरी पडतात, तिथे आधी जा. हेलेबोरची फुले मान खाली घालून असतात, पावसाने फारशी बिघडत नाहीत. आणि नेच्यांची उलगडती गुंडाळी बघायला पावसाळी दिवसच बरा.

रानवाट :
फार उपयोगी. एक राहिले : आईला वसंतात परागकणांचा त्रास होतो, इनहेलर आहे. पावसात तो प्रश्न मिटला ना?

ऊबदार :
संथ रिमझिमीत बऱ्यापैकी, कारण पराग खाली बसतात. वादळी पावसात उलटे होऊ शकते. ओलाव्याने परागकण, विशेषतः गवताचे, फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे थेट फुप्फुसात जातात. नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे तिथल्या वसंतात, मेलबर्नमध्ये एका वादळानंतर हजारोंना श्वासाचा त्रास झाला होता. म्हणून इनहेलर बॅगेच्या तळाशी नको, खिशात हवा. वादळाआधीचा गार वारा सुटला की इमारतीत जा आणि खिडक्या बंद असतील तिथे बसा.

चढउतार :
गडगडाट ऐकू आला तरी तेच. उघडा मंडप किंवा एकटे झाड हा विजेपासून आडोसा नव्हे. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. ती ३० मिनिटे वरच्या हिशेबात धरलेली नाहीत, तेव्हा उद्यान बंद व्हायची वेळ आधीच बघून ठेवा.