आई-बाबांचा न्यू जर्सीचा प्रवास : स्वस्त तिकीट कसे काढावे?

मुठाकाठ :
नमस्कार. माझे आई-बाबा पुण्याहून चार-पाच महिन्यांसाठी बहिणीकडे न्यू जर्सीला जाणार आहेत. दोघेही सत्तरीच्या पुढचे असून आईला फार चालवत नाही. मुंबई-लंडन आणि लंडन-न्यूअर्क अशी वेगवेगळी तिकिटे काढल्यास बरीच स्वस्त पडतात असे दिसते. तशी काढावीत का? तारखा पुढेमागे करता येतील.

हडसनकाठ :
वेगवेगळी तिकिटे कृपया काढू नका. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असले, तर पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकल्यास पर्यायी विमान देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते आणि बॅगाही सहसा थेट शेवटच्या विमानतळावरच मिळतात. वेगळ्या तिकिटांत मात्र दुसरे तिकीट बुडू शकते, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना लंडनमध्ये बॅगा घेऊन पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभे करणे मला तरी पटत नाही. आईंसाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा. तिचे पैसे लागत नाहीत.

स्वस्ताई खरी तारखांत आहे. ऑगस्टमध्ये सुट्टी संपवून परतणारी कुटुंबे आणि नव्याने शिकायला जाणारे विद्यार्थी यांची अमेरिकेकडे जाताना गर्दी असते, त्यामुळे एप्रिलमध्ये, तेही मंगळवार-बुधवार पाहून, जाणे आणि सप्टेंबरमध्ये परतणे सोयीचे ठरावे.

दादरकर :
सहमत. न्यूअर्कबरोबर न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचे भाडेही पाहा. अबू धाबीमार्गे जेएफकेला गेल्यास अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबू धाबीतच होते आणि उतरल्यावर ती रांग लागत नाही. ज्येष्ठांसाठी याचे मोल मोठे आहे. फक्त मधला थांबा तीन तासांहून कमी नको.

हडसनकाठ :
एक राहिलेच. परतीची तारीख बदलण्याची शक्यता असेल, तर भाड्याचे नियम आधी वाचा, कारण बदलाचे शुल्क शून्य असले तरी भाड्यातील फरक बहुधा भरावाच लागतो. बहिणीने अमेरिकेतून थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर, प्रवासाच्या किमान 7 दिवस आधी तिकीट काढले, तर तेथील नियमानुसार 24 तास भाडे राखून ठेवण्याची किंवा तेवढ्या वेळात तिकीट रद्द करून पूर्ण पैसे परत मिळवण्याची सोय कंपनीला द्यावी लागते. भाडे बरे दिसताच तिकीट काढून त्या 24 तासांत आई-बाबांशी तारखा पक्क्या करता येतील.