मदत हवी आहे: काकवीची जिंजरब्रेड बिस्किटं ओव्हनमध्ये पसरतात

नमस्कार मंडळी. नाताळच्या आठवड्यात सुंठ-लवंगेची बिस्किटं भाजायची पद्धत आमच्याकडे आजेसासूबाईंपासून आहे. बेळगावात कॅम्पात राहत असताना ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून ती घरात आली. तेव्हा ताटं भरून बेकरीच्या भट्टीत नेऊन द्यायची. आता मी घरच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये करते.

मूळ कृतीत मोलॅसिस, म्हणजे साखर करताना उरणारा काळा दाट पाक असतो. तो इथे कोण शोधत बसणार? निपाणीकडची काकवी मिळते, दाट, तांबूस, तीच घालते. चव तर सुरेख येते. अडचण आकाराची आहे. पीठ फ्रिजमध्ये ठेवून, लाटून माणसाच्या, चांदणीच्या आकारात कापते तेव्हा कडा अगदी रेखीव असतात. १८० अंशांवर जरा वेळ गेला की माणसाचे दोन्ही पाय एक होतात आणि चांदणीची फुगलेली पुरी! नातवंडं हसतात ते वेगळंच.

मला शंका सोड्याची आहे. मोलॅसिस थोडं आम्ल असतं, म्हणून त्यात खायचा सोडा चालतो. पण गुऱ्हाळात उसाच्या रसाला चुना घालतात, मग काकवीत तेवढा आंबटपणा उरतो का? सोडा निम्मा करू की बेकिंग पावडर घालू? की लोणी घरचं असल्यामुळे त्यातलं पाणी नडतंय? काकवी आधी आटवून घ्यावी का?

खानापूर-चंदगडकडच्या कुणी काकवीत केली असतील तर मैद्याचं प्रमाण नक्की सांगा. अंडं नको, जाऊबाईंना चालत नाही. आणि 'विकतची आणा' एवढं मात्र सुचवू नका.