जांभूळ बी + गुळवेल: मिश्रणाला 'सिनर्जी' म्हणावं का?

चोपड्याची_बायोकेम
नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट सुरू आहे. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला साखरेवर जांभळाच्या बियांची पूड आणि गुळवेलीचा काढा घरोघरी चालतो. माझे आजोबा दोन्ही एकाच पेल्यात घेतात, म्हणून विषयच तो घेतला. बिया सावलीत वाळवून दळल्या आणि 70 टक्के इथेनॉलमध्ये भिजवल्या. गुळवेलीचं खोडही तसंच. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत आयसी50 (निम्मा परिणाम साधायला लागणारं प्रमाण) असे आले: जांभूळ बी 20, गुळवेल 180, निम्मं-निम्मं मिश्रण 34 मायक्रोग्रॅम प्रति मिली. दोघांची सरासरी 100, मिश्रण मात्र 34! गाइड सर म्हणतात, शीर्षकात 'सिनर्जिस्टिक' (म्हणजे एकत्र आल्यावर बेरजेपेक्षा जास्त जोर) टाकून दे. माझं मन धजत नाही.
पुढे अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज (पिष्टाची साखर करणारी पचनाची एन्झाइम) अर्क किती रोखतो ते करायचंय, तुलनेला मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन. तिसरी वनस्पती म्हणून हळद घालावी का?

धुळ्याचा_लॅबवाला
ताई, मन धजत नाही ते बरोबरच आहे. आयसी50 ची सरळ सरासरी काढत नाहीत, कारण आकडा लहान तितका अर्क जोरदार. निम्म्या-निम्म्या मिश्रणात दोघांनी आपापलं काम केलं, एकमेकांना हातही लावला नाही, तर अपेक्षित आकडा असा निघतो: 1 ÷ (0.5/20 + 0.5/180) = 36. तुमचा आला 34. म्हणजे जांभळानेच गाडा ओढलाय, गुळवेल मागे बसून आलीय.
चाउ-तलालय (1984) च्या पद्धतीने कॉम्बिनेशन इंडेक्स काढा. 34 मध्ये प्रत्येकाचे 17, म्हणून 17/20 + 17/180 = 0.94. एकच्या खाली सिनर्जी, एक म्हणजे नुसती बेरीज, वर गेलं तर एकमेकांना मारक. तीनदा केलेल्या रीडिंगमध्येच एवढा फरक पडतो, त्यामुळे 0.94 ला बेरीजच म्हणायचं. 1:1 सोबत 1:3 आणि 3:1 पण करा, मग बोलू.
मेटफॉर्मिन इथे कामाचं नाही. ते मुख्यतः यकृतातली साखरनिर्मिती कमी करतं, या एन्झाइमना रोखत नाही. या एन्झाइमना रोखणारं औषध अकार्बोज घ्या. पण जपून: नेहमी मिळणारं ग्लुकोसिडेज यीस्टचं असतं, त्यावर अकार्बोज फिकं पडतं. 'आमचा अर्क अकार्बोजपेक्षा सरस' ही वाक्यं बहुतेक तिथेच जन्मतात.
हळद नको. ग्लुकोसिडेज 405 नॅनोमीटरला वाचतात आणि हळदीचा पिवळा रंगही तिथेच शोषतो. घालायचीच असेल तर अर्काच्या प्रत्येक पातळीला, त्याचा रंग वजा करायला, एन्झाइमशिवायचा ब्लँक लावा. तो ब्लँक अमायलेजलाही लागेलच. अर्कातली स्वतःची साखर डीएनएसए या साखर मोजायच्या रसायनाशी रंग देते.

अक्कलकुव्याचा_भाऊ
दोन गोष्टी. गुळवेल कुणी ओळखली? टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची भावकी आहे, तिच्या खोडावर गाठी-गाठी असतात. नमुना दाबून हर्बेरियम करा आणि वनस्पतीशास्त्राच्या माणसाकडून नाव लावून घ्या. आणि आजोबा साखरेची गोळी घेत असतील तर काढ्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला, साखर फार खाली जाऊ शकते.

चोपड्याची_बायोकेम
दादा, 36 पाहून हसू आलं, आता सरांना कसं सांगू! गुळवेल आमच्या बांधावरच्या निंबावरची आहे, गाठी नाहीत. हर्बेरियम मात्र करतेच. हळद रद्द. जांभळाच्या बीत टॅनिन (प्रथिनांना चिकटणारी तुरट द्रव्यं) बक्कळ, ते अमायलेजला नुसतं चिकटून बंद पाडत असेल तर?

धुळ्याचा_लॅबवाला
हा प्रश्न सरांना आधी विचारा, सिनर्जीचा विषय आपोआप मागे पडेल. अर्काचा एक भाग पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पावडरीमधून काढून टॅनिन कमी करा आणि दोन्ही भाग शेजारी-शेजारी लावा. टॅनिन गेल्यावर रोध कोसळला, तर तसंच लिहा.

चोपड्याची_बायोकेम
लावते. शेवटचं, अर्क विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक किती चालेल?

धुळ्याचा_लॅबवाला
शेवटच्या मिश्रणात एक टक्क्याच्या आत. अर्क नसलेल्या कंट्रोलमध्येही तेवढाच घाला.